आपल्या घराला नेटची धार किती हवी?

भाकरी तव्यावर असेल तर ती आधी उलटा, मग ऐका. आज आमच्या गटातल्या चार जणी केंद्रावर आल्यात. माईकपुढं एकच बसलीय, पण बोलणं चौघींचं आहे, म्हणून सगळं ‘आम्ही’ असंच सांगतो.

विषय आहे घरातल्या इंटरनेटचा. घरात वायफाय घ्यायचं ठरलं तर किती स्पीडचं घ्यायचं? तीस, चाळीस, शंभर, तीनशे असे आकडे माणसं दारात उभं राहून सांगतात आणि आपण मान हलवतो. आम्हीही हलवली होती. त्यात पैसे कसे गेले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशोब कशासाठी करायचा ते कळेल.

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या वस्तीवर फायबरची तार आली. तार आली तशी आठवड्याभरात मोटारसायकलवरून एक जण आला, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत पत्रक. “ताई, शंभरचाच घ्या. तीसचा घेतला की घरात भांडणं होतात. सालाचे एकदम भरा, एक महिना फुकट.” आमच्या गटातली एक वहिनी शिवणकाम करते. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. मुलगी तेव्हा बारावी सायन्सला, सीईटीची तयारी सगळी यूट्यूबवरून. तालुक्याच्या क्लासची फी झेपणारी नव्हती. वहिनीनं विचार केला, पोरीच्या अभ्यासाचं आहे, होऊन जाऊ दे.

प्लॅन होता ७९९ रुपयांचा. पत्रकावर ७९९ मोठ्या अक्षरात आणि जीएसटी खाली बारीक अक्षरात. १८ टक्के धरले की महिन्याला ९४२ रुपये ८२ पैसे, बारा महिन्यांचे ११ हजार ३१३. एवढी रोख रक्कम शिवणाच्या मशीनवर बसून कुठून निघणार? गटातून बारा हजारांचं कर्ज काढलं, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. ठरावावर सह्या आमच्याच आहेत. कुणी शेळीसाठी कर्ज मागितलं की आम्ही दहा प्रश्न विचारतो. शेळी गाभण आहे का, कुणाकडून घेतेस, चारा कुठला, विमा काढणार का. नेटसाठी आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. काय विचारायचं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत कधीतरी कळलं की ती मुलगी रोज रात्री चुलत्याच्या गच्चीवर जाऊन बसते. थंडीत, शाल गुंडाळून, मोबाईलच्या रिचार्जवर व्याख्यानं बघते. दिवसाचा दीड जीबी नऊ-साडेनऊला संपला की वही मिटून खाली येते. घरात शंभरचं नेट, आणि पोरगी गच्चीवर! विचारलं तेव्हा म्हणाली, “मागच्या खोलीत वायफाय येतच नाही. ऑनलाईन सराव परीक्षा दोनदा मधेच तुटली. पण आईनं कर्ज काढलंय ना, मग नेट चालत नाही हे कसं सांगू?”

त्या दिवशी गटाच्या मीटिंगमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरवलं, हे नेट म्हणजे काय प्रकरण आहे ते आता आपणच समजून घ्यायचं. पंचायतीतल्या संगणक चालवणाऱ्या दादांना दोन रविवार बसवून घेतलं, वही केली, आठ घरं फिरलो. त्या वहीतलं आज सांगतोय.

पहिली गोष्ट. आपण नेट म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. टाकीत पाणी किती आहे ही एक, आणि नळाची धार किती मोठी आहे ही दुसरी. मोबाईलच्या रिचार्जमध्ये आपण टाकी विकत घेतो, दिवसाला दीड जीबी, दोन जीबी. घरच्या फायबरमध्ये टाकी बहुतेक वेळा भरपूर मोठी असते आणि पैसे लागतात ते धारेचे. तीस, शंभर हे आकडे धारेचे आहेत. धार मोठी असली म्हणून टीव्हीतलं चित्र पळत नाही. चित्राला जेवढी धार लागते तेवढीच ते घेतं, बाकीची तशीच पडून राहते. हंडा भरायला अर्ध्या इंचाचा नळ पुरत असेल तर चार इंचाची पाईप आणून हंडा काही मोठा होत नाही.

आता त्या आकड्याचं नाव. त्याला एमबीपीएस म्हणतात. फोनमध्ये व्हिडिओ किती एमबीचा आहे ते दिसतं, तो एमबी वेगळा. ही गडबड शिकलेली माणसंही करतात. फोनमधला एक एमबी म्हणजे धारेतले आठ. म्हणजे तीसच्या धारेतून सेकंदाला तीस नाही, पावणेचार एमबी उतरतात. २४० एमबीचं व्याख्यान उतरवून ठेवायचं असेल तर आठ सेकंदात होणार नाही, मिनिटभरापेक्षा थोडं जास्त लागेल. आणि मिनिटभर म्हणजे काही वाईट नाही, चहाला आधण येईपर्यंत होतं.

मग कशाला किती धार लागते? फोनच्या लहान पडद्यावर साधा स्वच्छ व्हिडिओ, ज्याला फोनमध्ये ४८० असं लिहिलेलं असतं, त्याला एक-सव्वा एमबीपीएस पुरतं. फळ्यावरचं गणित नीट वाचता यावं म्हणून ७२० लावलं तर अडीच. मोठ्या टीव्हीवर एचडी चित्राला पाचच्या आसपास. फोर-केचा टीव्ही असेल तर त्याला पंधरा ते वीस लागतात, पण आमच्या आठ घरांत तसा एकच निघाला, आणि त्या घरातली सगळी मालिका बघतात ती साधीच. व्हिडिओ कॉलला दोन-तीन धरा. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, फोनवरून पैसे पाठवणं, लाईट बिल भरणं, फॉर्म भरणं यांना एकसुद्धा पुरतो.

पण घर एका वेळी एकच काम करत नाही, आणि खरा हिशोब तिथं आहे. घरात फोन किती आहेत हे मोजू नका. घरात सगळ्यात जास्त नेट ज्या तासाला चालतं तो तास मोजा. आमच्याकडे तो रात्री आठ ते नऊ. वहिनीच्या घरचा तो तास आम्ही लिहून काढला. टीव्हीवर मालिका, पाच. मुलीचं व्याख्यान, अडीच. सासूबाई फोनवर कीर्तन ऐकतात, म्हणजे बघतातही, सव्वा. धाकटा गेम खेळतो. गेम खेळायला एकसुद्धा लागत नाही, पण म्हणून तो अभ्यास करतोय असं समजू नका. पुण्याच्या नणंदेचा व्हिडिओ कॉल, अडीच धरा. वहिनीचे स्वतःचे गिऱ्हाइकांचे फोटो, निरोप, एक. सगळी बेरीज तेरा-सव्वातेरा. त्याच्या दुप्पट धरा, कारण कुणाचा फोन गुपचूप अ‍ॅप अपडेट करत असतो, कुणी पाव्हणा आलेला असतो, आणि कंपनी तीस म्हणते तेव्हा ते ‘तीसपर्यंत’ असतं, सतत तीस नसतं. तेराची दुप्पट सव्वीस. म्हणजे त्या घराला तीसचा प्लॅन पुरत होता. घेतला शंभरचा.

तेव्हा तीसचा प्लॅन ३९९ चा होता, जीएसटीसकट ४७० रुपये ८२ पैसे. बारा महिन्यांत फरक निघतो ५ हजार ६६४ रुपयांचा. पिको-फॉलच्या हिशोबात हे किती साड्यांचं काम होतं ते वहिनीनं मीटिंगमध्येच बोटांवर मोजलं. तो आकडा इथं सांगू नको म्हणालीय.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्यांनी तीसचाच घ्यायचा का? तसं नाही. आमच्यातल्या एकीचं घर एकत्र आहे, अकरा माणसं, टीव्ही दोन, शिकणारी पोरं तीन, आणि प्रत्येक जाऊबाईचा वेगळा फोन. त्यांच्या त्या तासाची बेरीज बावीस निघाली, दुप्पट चव्वेचाळीस. त्यांनी पन्नासच्या वरचा घेतला, बरोबर केलं. दुसऱ्या एका घरी मुलगा पुण्याची नोकरी घरून करतो, दिवसभर मीटिंगा आणि मोठाल्या फायली. त्यांचा शंभरचा प्लॅन आम्हाला योग्य वाटतो, आणि तो बिल स्वतःच्या पगारातून भरतो, त्यामुळे आम्ही बोलणारही नाही.

आणि एक घर असं निघालं की तिथं फायबर घेऊच नये. आमच्या गटात अंगणवाडी सेविका आहे, घरात ती आणि सासू. पोषण ट्रॅकरची माहिती ती फोनवरूनच भरते, आणि तेही अंगणवाडीत बसून. घरच्या वायफायचा त्या कामाला काय उपयोग? संध्याकाळी तासभर व्हिडिओ. ४८० वर एक तास बघितलं की अर्धा जीबी जातो, म्हणजे दीड जीबीत तीन तास होतात. तिला मोबाईलचं रिचार्जच पुरतं. शेजारी तार आली म्हणून आपल्यालाही पाहिजे, असं तिला वाटत होतं. आम्हीच थांबवलं.

ज्यांच्या घरात तीन-चार फोन आहेत त्यांनी मात्र उलटा हिशोबही करावा. मोबाईलचं रिचार्ज २८ दिवसांचं असलं तर वर्षात बारा नाही, तेरा वेळा करावं लागतं. घरात वायफाय आल्यावर जे माणूस घराबाहेर फारसं पडत नाही त्याला रोजच्या दोन जीबीचं रिचार्ज कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम केला की नुसतं बोलणं आणि एसएमएस एवढंच असलेलं रिचार्जही कंपन्यांनी ठेवलं पाहिजे. दुकानदार आपणहून ते दाखवत नाही, मागावं लागतं. सासूबाईंच्या साध्या फोनला ते चालतं. पण यात एक सावधगिरी सांगतो. शेतात जाणाऱ्या बाईच्या फोनमधला डेटा आधी काढायचा आणि दादाच्या फोनमधला ठेवायचा, असं दोन घरांत झालं. हवामान बघायला, बाजारभाव बघायला तिलाही डेटा लागतो. कुणाचं रिचार्ज कमी करायचं ते जेवताना सगळ्यांसमोर ठरवा.

आता दुसऱ्या बाजूची धार. आतापर्यंत आपण आत येणारं पाणी मोजलं. आपण जेव्हा बाहेर पाठवतो तेव्हा लागते ती धार वेगळी, तिला अपलोड म्हणतात. आमच्यातली एक जण पापड-कुरडया करते, करतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. ९० एमबीचा व्हिडिओ दोनच्या धारेनं वर चढायला सहा मिनिटं घेतो, वीसच्या धारेनं छत्तीस सेकंद. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये येणारी-जाणारी धार सारखी असते. गच्चीवर छत्रीसारखा डबा बसवून हवेतून जे नेट देतात त्यात जाणारी धार सहसा येणाऱ्या धारेपेक्षा बरीच कमी असते. जिथं तार पोचली नाही तिथं हवेतलं नेट घ्यायला आमची ना नाही, पण पत्रकावर लिहिलेला आकडा येणारा की जाणारा, हे विचारा. ज्यांना गोठ्यात कॅमेरा लावायचाय त्यांनी तर विचाराच. कॅमेरा दिवसरात्र बाहेर पाठवत असतो. एक एमबीपीएसचा कॅमेरा चोवीस तास चालला तर दिवसाला जवळजवळ अकरा जीबी जातात, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे तिथं धारेबरोबर टाकीही बघावी लागते.

टाकीचं आणखी एक. ‘अमर्याद’ असं लिहिलेल्या प्लॅनलाही बहुतेक वेळा मर्यादा असते. महिन्यात अमुक हजार जीबी वापरले की पुढं धार बारीक होते. आमच्या आठ घरांत ती मर्यादा कुणीच गाठली नाही, त्यामुळे त्याची फार काळजी करू नका. पण मर्यादा किती आणि ती संपल्यावर धार किती उरते, हे दोन आकडे लिहून घ्या.

आता त्या गच्चीवर जाऊ, कारण मुलगी गच्चीवर गेली ती धार कमी होती म्हणून नव्हे. वहिनीच्या घरात धार शंभरची येत होती, आम्ही मोजली. ट्रायचं मायस्पीड नावाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, मराठी येणाऱ्या कुणालाही चालवता येईल इतकं सोपं आहे. डब्याशेजारी पुतण्याचा नवा फोन धरला तर ९४ आलं. त्याच जागी वहिनीचा चार वर्षांचा जुना फोन धरला तर ४१. तिथंच आमची पहिली डोळ्यांवरची झापड उघडली. साध्या जुन्या फोनला वायफायवरून चाळीस-पन्नासच्या वर क्वचितच घेता येतं. घरातले सगळे फोन जुने असतील तर शंभरची धार दारापर्यंत येते आणि दारातच राहते. स्वयंपाकघरात आलो तर १७. मागच्या खोलीत ३. दार लावलं तर एकच्या खाली.

घर जुनं, पांढऱ्या मातीचं. भिंती दोन फूट रुंद. मधल्या भिंतीला लोखंडी कपाट, त्याला आरसा. डबा ओसरीवरच्या खोलीत, टीव्हीच्या मागं, जमिनीपासून वीतभर उंचीवर. बसवायला आलेल्या पोरानं विचारलं होतं, कुठं लावू? घरच्या पुरुषमंडळींनी टीव्ही दाखवला. तेव्हा वहिनी आत चहा करत होती आणि मुलगी शाळेत. वायफायला माती, दगड, लोखंड, पाण्याची टाकी यातलं काहीच आवडत नाही. डबा घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर लागतो. देव्हाऱ्याच्या फळीशेजारी एक घर त्यातल्या त्यात चांगलं निघालं.

आम्ही काय केलं? पंधरा मीटर नेटची तार आणली, जुन्या बाजारातून दुसरा डबा घेतला, तार भिंतीतून मागच्या खोलीत नेली आणि दुसरा डबा पहिल्या डब्याला जोडला. पंचायतीच्या दादांनी सेटिंग करून दिलं. सगळा खर्च ९०० रुपये. मागच्या खोलीत ३ वरून ३८ झालं. ज्या दिवशी झालं त्या दिवशी मुलीनं दार लावून घेतलं, ते रात्री अकराला उघडलं. सासूबाई दोनदा दाराला कान लावून आल्या.

डब्याबद्दल अजून दोन बारीक गोष्टी. काही डब्यांतून वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी पाच किंवा ‘फाईव्ह जी’ असं लिहिलेलं. त्याचा मोबाईलच्या फाईव्ह जीशी संबंध नाही. ते नाव जवळ जोरात चालतं, पण भिंत लागली की दम सोडतं. दुसरं नाव हळू, पण लांब पोचतं. डब्याजवळच्या टीव्हीला पाचवालं जोडा, लांबच्या खोलीतल्या फोनला दुसरं.

आणि लाईट. फायबर कितीही चांगलं असो, लाईट गेली की डबा बंद. आमच्याकडे संध्याकाळची लाईट जाते ती नेमकी त्याच तासाला. डब्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारापासून, दोन-तीन तास डबा चालवतो. आमच्या मते शंभरचा प्लॅन घेण्याऐवजी तीसचा घ्यावा आणि वाचलेल्या पैशातून आधी हा यूपीएस घ्यावा. ज्या घरात परीक्षेचं पोर आहे तिथं तर नक्की. डबा स्वतः लाईट फार खात नाही. दहा वॅटचा धरला तर दिवसरात्र चालून महिन्याला सात युनिटच्या आसपास. तेव्हा बिल वाढेल म्हणून दर तासाला बटण बंद करू नका. दोन घरांत सासरे तसं करत होते, आणि सूनबाई नेट चालत नाही म्हणून कंपनीला शिव्या देत होती.

पासवर्डचंही सांगतो, जरा अवघड आहे. शेजारधर्म म्हणून पासवर्ड द्यावा लागतो, मान्य. पण एका घरी तीसच्या धारेवर पाच घरं चालत होती, मग रात्री टीव्ही गोल-गोल फिरणारच. आणि तुमच्या जोडणीवरून कुणी काही भलतंसलतं केलं तर चौकशी तुमच्या दारात येते. आम्ही असं केलं की शेजारच्या पोरांना फॉर्म भरायला, परीक्षेला आपल्या घरी बसू द्यायचं, पासवर्ड नाही द्यायचा. एक-दोन जणी रुसल्या, महिन्याभरात निवळल्या.

आता विकणारा दारात येईल तेव्हा काय विचारायचं? आम्ही मुद्दाम त्याला खाली बसवून, पाणी देऊन विचारतो. उभ्या-उभ्या विचारलं की तो उभ्या-उभ्याच उत्तर देतो. जीएसटी धरून महिन्याला किती, कागदावर लिहून द्या. सालाचे भरले आणि दोन महिन्यांत नको झालं तर उरलेले पैसे परत मिळतात का? मधेच लहान प्लॅनवर येता येतं का? वहिनीला मधे खाली येऊ दिलं नाही, साल पूर्ण करा म्हणाले. डबा विकत आहे की परत द्यायचा, त्याची अनामत किती? तार तुटली तर कोण येणार, तालुक्याहून का जिल्ह्याहून, किती दिवसांत? आमच्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या उंच भाऱ्यानं तार तुटते. जिथं चार दिवस माणूस येत नाही तिथं तीनशेची धारही शून्यच. म्हणून गावात आधी ज्यांनी घेतलंय त्यांच्या घरी जाऊन विचारा, तेही रात्री आठला. आणि पहिल्यांदा महिन्या-महिन्यानंच पैसे भरा, एक महिना फुकट मिळाला नाही तरी चालेल.

‘ब्रॉडबँड’ या शब्दावर भुलू नका. सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २०१३ नंतर अर्धा एमबीपीएस पुरत होता, जानेवारी २०२३ पासून किमान दोन लागतो. म्हणजे दोन दिले तरी नाव ब्रॉडबँडच. आणि ग्रामपंचायतीत भारतनेटची तार आलीय का तेही बघा. ही सरकारची गावोगाव तार नेण्याची योजना, २०११ मध्ये दुसऱ्या नावानं सुरू झाली, २०१५ पासून भारतनेट. काही गावांत पंचायतीपर्यंत तार आलीय पण डबा कुलपात आहे. ग्रामसभेत विचारायला काय जातं?

धार मिळत नसेल तर डब्याच्या शेजारी उभं राहून, बाकीचे फोन बंद करून, तीन वेगवेगळ्या वेळी मोजा आणि तारखेसह लिहा. मग कंपनीत तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर मागा. नंबर नाही तर तक्रार नाही. त्यानं झालं नाही तर कंपनीतच वरचा अपील अधिकारी असतो, त्याच्याकडे अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय एकेकट्या माणसाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिथं अर्ज पाठवून वाट बघत बसू नका.

वहिनीचं साल या महिन्यात संपतंय. ती तीसच्या प्लॅनवर येतेय, आणि छोटा यूपीएस घेतेय. कर्जाचे दोन हप्ते अजून आहेत. मुलीला सीईटीत तिच्या अंदाजापेक्षा कमी गुण पडले. नेटमुळे पडले असं ती म्हणत नाही, आम्हीही म्हणणार नाही. पण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत ती गच्चीवर होती, हे आमच्या वहीत लिहून ठेवलंय. आता ती बी. फार्मसीला आहे, सुट्टीत घरी आली की आमच्यासोबत घरं मोजायला येते. फोन धरून भिंतीपाशी उभी राहते आणि आकडा मोठ्यानं सांगते.

गटात आता नेटच्या कर्जालाही शेळीसारखेच प्रश्न आहेत. अर्जासोबत त्या घराच्या आठ ते नऊ या तासाचा हिशोब जोडायचा, आणि डबा कुठं लागणार ते घरातल्या बाईनं, शिकणाऱ्या पोरीनं दाखवायचं. ज्यांना आपल्या घराचा हिशोब करून हवाय त्यांनी गुरुवारी दुपारी तीनला समाजमंदिरात या. येताना आताचं बिल, घरातला सगळ्यात जुना फोन आणि एक पेन घेऊन या. चहा आमच्याकडे. नमस्कार.